वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या वह्या

मुलांनो, आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांइतका चिडका माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. गेल्या दोन महिन्यांत मात्र मी त्यांना मागे टाकलं आहे. मागल्या खेपेला ज्यांनी तुम्हाला लिफ्टमध्ये जिभा बाहेर काढायला लावल्या होत्या, तेच हे. लिफ्ट अडकली तर ते चिडतात. न अडकता आली तर ‘आज काय झालं हिला?’ म्हणून चिडतात. आणि चिडले की त्यांची पुस्तकी भाषा सुटते व अस्सल नागपुरी बाहेर येते.

निवृत्तीनंतर ते एका इस्पितळात फॅमिली डॉक्टर होऊ घातलेल्या तरुण डॉक्टरांना शिकवत. औषधं नव्हे, वही लिहायला. आज कोणाचं ऐकलं, कोणाला मध्येच तोडलं, काय चुकलं आणि का, याचं रोज एक पान. ‘पेशंटने सांगितलं नाही’ असं वाक्य दिसलं की ते तांबड्या शाईने खोडून वर ‘मी विचारलं नाही’ असं लिहायचे. ‘या अनुभवातून खूप शिकायला मिळालं’ असं आलं, की वहीच भिरकावायचे. असली एक वही आमच्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या कुरड्यांवर येऊन पडली. मी तणतणत वर गेले, तर एक उंच, दाढीवाला डॉक्टर कोपऱ्यात मान खाली घालून उभा. “वहिनी, तुमच्या कुरड्या तरी खऱ्या आहेत,” डॉक्टर मला म्हणाले, आणि त्याला, “शिकलो म्हणते! काय शिकला बे? सांग ना!” प्रत्येक नव्या मुलाची पहिली सकाळ पांढरा कोट काढून, हातात नंबराची चिठ्ठी घेऊन, पेशंटांच्या बाकावर जायची. एकाला शिपायाने “ओ, रांगेत बसा” म्हणून खडसावलं. त्याने चार पानं लिहून आणली. त्या दिवशी डॉक्टर कोणावरच चिडले नाहीत.

वही हातात देताना ते शब्द देत, ‘ही तू वाचशील आणि मी. तिसरं कोणी नाही.’ त्या शब्दावर विसंबून एका मुलीने खरं लिहिलं. कळमेश्वरच्या एका म्हातारीला तिने ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं होतं. ‘आजी छातीवर हात ठेवून काही सांगत होत्या. बाहेर साठ जण होते. मी मान वर केली नाही.’ त्याच संध्याकाळी म्हातारीला हृदयविकाराचा झटका आला. जीव वाचला, पण तिचं घराबाहेर पडणं संपलं. मुलाने तक्रार केली आणि इस्पितळाच्या साहेबांना ती वही हवी झाली. एकट्या पोरीवर साठ पेशंट कोणी सोडले, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तिच्याच अक्षरातली कबुली हाती आली, की तिला काढून टाकून हात झटकता येणार होते. हे लिहितानाही माझं डोकं तापतं आहे.

डॉक्टर फोनवर बोलले, ते तीन मजल्यांनी ऐकलं. “वही भेटणार नाही! साठ लोकं एका पोरीच्या अंगावर सोडून तुम्ही एसीत बसून राहिले, अन् वही मले मागता?”

मुलीलाही मात्र त्यांनी मोकळं सोडलं नाही. “वही मी देणार नाही,” ते तिला म्हणाले, “पण त्या आजीपासून तू लपायचं नाही.” कळमेश्वरला मीही गेले. ती दोघंच गेली असती तर एक रडत बसली असती आणि दुसरे भांडत. दारात म्हातारीचा मुलगा उभा होता. “आता काहून आल्या?”

“तुमच्या आईचं मी ऐकून घेतलं नाही. चूक माझी आहे,” मुलगी म्हणाली.

तो काही बोलायच्या आत खाटेवरून आवाज आला, “ये वं, बस. त्या दिवशी तुले बसाले टाइमच नव्हता.”

मुलाने तक्रार मागे घेतली नाही. “पण मॅडम, माझी तक्रार तुमच्या नावाची नाही, दवाखान्याच्या नावाची आहे,” म्हणाला, आणि तसं त्याने इस्पितळाला लेखी कळवलं. मुलीची नोकरी टिकली. डॉक्टरांचा वर्ग मात्र साहेबांनी काढून घेतला. आता वहीऐवजी कॉम्प्युटरवर फॉर्म आहे. ‘रुग्णाचं म्हणणं ऐकलं: होय / नाही.’ सगळे ‘होय’वर टिचकी मारतात. साहेब खूश!

परवा मी वर जाऊन डॉक्टरांवरच ओरडले, “भांडा ना! लिफ्टशी भांडता, यांच्याशी का नाही?” त्यांनी स्वतःची वही पुढे केली. ‘मुलांना खरं लिहायला लावलं. ते कोणी मागेल, असं मनातही आलं नाही. मुलीने विश्वास ठेवला. धोका मी तिला दाखवला नाही.’

माझा आवाज आपोआप खाली आला. म्हटलं, “डॉक्टर, विश्वास ठेवला म्हणूनच तर ती त्या दारात जाऊन उभी राहिली. तेही लिहा.”

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, “ते मी माझ्या हातानं कसं लिहू, वहिनी? तुम्ही लिहा.”

म्हणून लिहिलं.