वेळेवर पोचण्याचं काम

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरचा माग मध्येच थांबला की शेजारी ओळखायचे, लेकीचा बंगळूरहून फोन आला. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात साड्या विणून आप्पांचे कान गेले होते. त्यामुळे मीही प्रयोगशाळेबाहेर उभी राहून ओरडूनच बोलायची. संशोधन करणाऱ्या मुलीला हे शोभत नाही, असं आमच्या सरांनी एकदा सुचवलं. मी आवाज कमी केला नाही.

एका दिवाळीत आप्पांनी विचारलं, "तू करतीस तरी काय गं तिथं?"

मी सांगितलं. अर्धवाहकाच्या पातळ पापुद्र्यावर लेझरचा झोत टाकला की प्रकाश आणि पदार्थ मिसळून एक कण होतो. धड हा नाही, धड तो नाही. पापणी लवते तेवढ्यात असे अब्जावधी कण एकामागून एक जन्मून मरतील, इतकं त्याचं आयुष्य. तो आहे तोवर दुसरा झोत त्याला गाठायला हवा. नेमक्या वेळी गाठलं तर कण जोर धरतो किंवा विझतो, आपण ठरवू तसं. ती वेळ साधायला एक आरसा केसभर पुढेमागे सरकवायचा, की झोताची वाट तेवढी कमीजास्त होते.

सरांना समजवायला मला महिना लागला होता. आप्पा लगेच मागावरच्या, उभ्या ताण्यातून आडवा धागा नेणाऱ्या धोट्याकडे बोट करून म्हणाले, "धोट्यागत की. धोटा उशिरा आला तर ताण्याचं धागं तुटत्यात. पर एवढ्या येळात तू पोचतीस कशी?"

"पोचते, आप्पा," मी म्हटलं. चांगलीच फुशारकी मारली.

गेल्या वर्षी एका मंगळवारी थोरल्या भावाचा, अण्णाचा, फोन आला. "आप्पास्नी दवाखान्यात ठेवलंय. नीघ लगेच."

कित्येक महिन्यांनी त्या आठवड्यात दोन्ही झोत नीट जुळले होते. यंत्र बंद केलं असतं तर सगळं पहिल्यापासून. मी म्हटलं, "शुक्रवारी येते." बेळगाव काही परदेशात नव्हतं, एका बसचा रस्ता होता. बुधवारी संध्याकाळी मला हवा तो आलेख मिळाला. गुरुवारी सकाळी आप्पा गेले. माझ्या प्रबंधातला तो सगळ्यात चांगला आलेख आहे आणि मला तो बघवत नाही.

दिवसकार्य झाल्यावर अण्णा मागाजवळ बसला होता. आप्पांची अर्धी साडी तशीच मागावर होती.

"बुधवारी सांजच्याला सारखं इचारत हुते, कुठवर आली म्हणून," तो म्हणाला. "धारवाड सोडलं, आता आलीच म्हटलं मी. काय सांगणार?"

"मग?"

"म्हणाले, घाई करू नगंस म्हणावं तिला. तिचं कामच येळेवर पोचायचं हाय. आन निवांत डोळं मिटून पडले."

त्या वेळी मी बंगळुरात, अंधाऱ्या खोलीत, आरसा केसभर मागे घेत होते.