सासूबाईंची पुतळी आणि माझी विद्वत्ता

इतिहासाची आवड असलेला माणूस घरात असू नये. आमच्या घरात तो मी आहे.

सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आखातात, अबू हलीफाला आल्या त्या सोन्याच्या पुतळ्यांची माळ घेऊन. पाडव्याला ती लेकीच्या, म्हणजे आमच्या वैदेहीच्या, गळ्यात घालायची होती. "सराफाकडून उजळून आणली खरी, पण मेल्यानं पुतळ्या बदलल्या तर नसतील?" ही शंका त्या रोज चहाबरोबर घेत.

मी संधी साधली. "आई, पुतळी म्हणजे मूळचं व्हेनिसचं नाणं, डुकाट! तिकडचे व्यापारी त्यानं आपल्याकडची मिरी विकत घ्यायचे. आपल्या बायकांनी ते सरळ गळ्यातच घातलं! त्यावर माणसांच्या आकृत्या, म्हणून नाव पुतळी."

"बाबा, दॅट्स अ चॉकलेट कॉइन," आमची इरा म्हणाली. तिच्यासमोर गरगियानच्या खाऊचं ताट होतं. (रमजानच्या मध्यावर इथली मुलं गाणी म्हणत दारोदार खाऊ मागतात.) ताटात सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी!

आता गप्प बसलो तर मी कसला? माळेचा गोंडा सोडून एक पुतळी काढली, ताटातच चॉकलेटशेजारी ठेवली आणि फरक समजावू लागलो. तेवढ्यात बेल वाजली. दारात पोरांची ही झुंबड! मी ताट उचललं आणि दोन्ही हातांनी पिशव्या भरल्या.

"पुतळी कुठाय?" दार लावताच वैदेहीनं विचारलं.

सासूबाई मटकन खाली बसल्या. "माझ्या सासूबाईंनी दिलेली हो ती!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी मजल्यामजल्यावर बेल वाजवत सुटलो. "प्लीज, चॉकलेट परत द्या!" एका आजोबांनी दया येऊन खजूर दिला. वॉचमन म्हणाला, "साब, भूख लगी है तो घर पे खाओ ना!"

हात हलवत परत आलो, तोच पुन्हा बेल. वरच्या मजल्यावरचा युसुफ गाल धरून उभा, शेजारी त्याची इजिप्शियन आई. तिनं माझ्या तळहातावर पुतळी आपटली. "हराम अलैक, शेम ऑन यू, मिस्टर! धिस चॉकलेट इज व्हेरी ओल्ड!" (यात चूक काढायला जागा नव्हती.)

सासूबाईंनी पुतळी दिव्याखाली धरली. तिच्यावर युसुफच्या दातांचे दोन ठसे! मी डोळे मिटले.

"अगं वैदेही, दात रुतला! म्हणजे सोनं चोख आहे!" त्या आनंदानं ओरडल्या. "उगाच बिचाऱ्या सराफावर संशय घेतला. माळ कपाटात ठेव, आणि किल्ली इराकडे दे."

सराफाबद्दलची शंका फिटली. आता त्या चहाबरोबर मला घेतात.