चिंचोक्याची खळ

"बोटी येतील हो," असं म्हणत ते धोतराचा सोगा दोन बोटांत चुरत आणि कान देऊन ऐकत. कापडाचा करकर आवाज आला की चेहरा जरा सैल पडे.

कर्जतच्या शाळेत आम्ही दोघं मास्तर. ते शास्त्र शिकवीत, मी मराठी. लढाईमुळे बोटी बंद होऊन खळीचं परदेशी पीठ यायचं थांबलं होतं आणि मुंबईच्या गिरण्या सुताला लावायला दुसरं काही शोधत होत्या. धनगर घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात, हे मास्तरांनी पाहिलेलं. झालं! चुलीवर चिंचोके, अंगणात चिंचोके आणि अंगावर त्याच खळीचं धोतर. ते वर्गाकडे वाजत येत. मुलं आधीच गप्प बसत.

प्रयोगाला सगळी आळी धरली होती. शेजारच्या बाई एकदा दारात येऊन म्हणाल्या, "ओ मास्तर, तुमच्या खळीचं लुगडं गायीनं चघळलं. आता मी नेसू काय?"

"गाईला आवडली म्हणजे माल निर्भेळ आहे, बाई." संध्याकाळी मात्र बायकोचं एक लुगडं त्यांना गुपचूप देऊन आले.

एका गिरणीने नमुना पसंत केला, पण पावसाळ्यात त्याला बुरशी धरली. बुरशीवर औषध काढा, मग माल घेऊ, असं गिरणीचा माणूस सांगून गेला. औषध काढायला प्रयोगशाळा हवी. मास्तरांकडे एक चूल नि दोन पातेली. म्हणून आम्ही मुंबईच्या सरकारी कचेरीत गेलो. साहेबांनी चहा पाजला. "लढाई संपू द्या," म्हणाले, "मग संशोधनाचं धोरण ठरेल. तेव्हा तुमचा विचार करू."

"साहेब, लढाई संपली की बोटी येतील. मग चिंचोका कोण विचारतो? आत्ता एक खोली द्या."

साहेब नुसते हसले. परतताना कर्जत येईपर्यंत हे सोगा चुरत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

लढाई संपावी असं त्यांनाही वाटे; सख्खा भाचा फौजेत होता. तरी रोज पेपर आला की ते तो बराच वेळ घडीतच धरून ठेवत. कुठल्या बातमीला भितो, ते त्यांचं त्यांनाच सांगता येत नसे.

शेवटी लढाई संपली. शाळेत पेढे वाटले. भाचा सुखरूप असल्याचं कळलं तेव्हा ते रडले. मग हातातल्या पेढ्याकडे बघत मला म्हणाले, "निघाल्या असतील हो आता."

निघाल्याच होत्या. गिरणीचा माणूस फिरकेनासा झाला. पुढे वर्षभरात मास्तर वारले. मला आठवतो तो त्याआधीचा एक दिवस. त्यांच्या वर्गात मुलांचा दंगा चालला होता, म्हणून मी ओरडायला गेलो. बघतो तर हे कधीचे दारात उभे. धोतर मऊ होतं. ते आलेले कोणालाच ऐकू आलं नव्हतं.