आत्या, मी आणि शिक्षा केंद्र

सत्तराव्या वर्षी आमच्या आत्याला तुरुंगात जायचं होतं.

(घाबरू नका. रिक्षावाल्यांशी भांडण्यापलीकडे तिने आयुष्यात कुठलाही गुन्हा केलेला नाही.) निजामाच्या काळात माझे आजोबा, म्हणजे तिचे बापू, तिरंगा झेंडा लावला म्हणून पकडले गेले आणि नदीतल्या एका बेटावरच्या तुरुंगात आठ महिने राहिले. तो तुरुंग कधीच बंद पडला. आता तिथे पक्ष्यांचं अभयारण्य आहे. हैदराबादेत, बरकतपुऱ्यात जन्म काढूनही आमच्यापैकी कुणी तिकडे फिरकलं नव्हतं. पण तेलंगण वेगळं व्हायची वेळ आली, नदी कुणाची आणि पाणी कुणाचं यावर पेपरात रोज भांडणं सुरू झाली, आणि आत्या उठून बसली.

“पहिल्यांदा, छप्पन साली राज्य मोडलं तवा आपलं गाव गेलं पलीकडच्या राज्यात. मी बारा वर्षांची होते, गप बसले. आता नै बसणार! बापूच्या कोठडीला हार घालायचाय मला.”

“आत्या, बेट कुठं पळून जातंय?”

“बेट नै रे जात. परवानगीचं हापिस जातं पलीकडं!”

पुढच्या रविवारी मी, माझी बायको सुनंदा आणि आत्या नावेत बसलो. धक्क्यावरच पाटी होती: बाहेरची फुलं बेटावर नेण्यास मनाई. नाववाला म्हणाला, “अम्मा, हार नक्को. साब लोगां गुस्सा होते.” आत्या “हौ हौ” म्हणाली आणि जामबागेच्या फूलबाजारातून आणलेला झेंडूचा हार तिने डब्यात चपात्यांखाली दडवला.

बेटावर तुरुंगासारखं काहीच दिसेना! नुसती झाडं, आणि झाडांवरून आमच्यावर होणारा बगळ्यांचा अभिषेक. परतीच्या नावेला दीड तास होता. आत्या काठी टेकत प्रत्येक दगडाला “हीच का रे कोठडी?” विचारत होती. तिचा चेहरा पाहून मला भरून आलं, आणि भरून आलं की मी हमखास घोटाळा करतो.

कारण तेवढ्यात मला पाटी दिसली. देवनागरीत, ठळक. “आत्या! सापडलं! शिक्षा केंद्र!”

खिडकीला लोखंडी गज असलेली ती एक बुटकी खोली होती. आत्याने भिंतीला हात लावला आणि ती ढसाढसा रडू लागली. “इथंच शिक्षा दिली माझ्या बापाला!”

आता माझ्यातला मार्गदर्शक जागा झाला. भिंतीत ओळीने खुंट्या होत्या. “इथे हात बांधत असणार.” खाली वीतभर उंचीची स्टुलं होती. “यावर दिवसभर बसवायचे. पाय आखडून जातात!” दारावर लिहिलं होतं, ‘अंदर खाना मना है.’

“उपाशी ठेवलं गं बाई!” आत्याने हंबरडा फोडला.

सुनंदाने मला बाजूला घेतलं. “अहो, पण भिंतीवर बगळ्याचं चित्र कामून आहे?”

“कैद्यांचं मन रमावं म्हणून,” मी ठणकावलं.

आत्याने डब्यातून हार काढून मधल्या खुंटीला घातला. (हाराला बटाट्याच्या भाजीचा वास येत होता.) आम्ही हात जोडले, आणि मागून आवाज आला, “यह क्या हो रहा है?”

नव्यानेच उत्तरेकडून बदलून आलेले वनखात्याचे साहेब होते. आत्या डोळे पुसत म्हणाली, “मेरे बाप कू इदर शिक्षा हुई थी, साब.”

“अच्छा! कितने साल?”

“आठ महिने.”

“बस? आगे क्यों नहीं ली?”

“आगे काइकू लेते?” आत्या भडकली. “इत्ती बस नै क्या? जबरदस्ती दिए थे!”

“वाह! उस ज़माने में अनिवार्य शिक्षा!”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हैदराबादेत शिकण्याला आम्ही जन्मभर तालीम म्हणत आलो, आणि शिक्षा म्हटलं की घरात छडीच आठवायची. साहेबांच्या हिंदीत मात्र शिक्षा म्हणजे शाळा! शाळेची मुलं इथे पक्ष्यांची माहिती घ्यायला येत होती; आजची तुकडी साहेबांच्या मागेच उभी होती. खुंट्या त्यांच्या दप्तरांसाठी, गज माकडांसाठी. आणि खोली गेल्याच वर्षी बांधलेली!

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की निजामाचे पोलीस परवडले असते.

“असली कोठडी किदर है?” तिने साहेबांनाच विचारलं.

“पीछे है। पर पहले यह बताइए, फूल कौन लाया?”

नाव सुटायला अर्धा तास उरला होता. “मी,” मी म्हणालो. फुलं आणणाऱ्याने मुलांबरोबर पूर्ण पाठ ऐकायचा, असा साहेबांचा नियम निघाला. आत्या आणि सुनंदा कोठडीकडे गेल्या आणि मी वीतभर स्टुलावर बसलो.

आत्या परतली ती शांत होऊन. कोठडीत एक बगळी अंड्यांवर बसली होती, म्हणून आत जाऊ दिलं नाही. दोरीबाहेरूनच तिने हात जोडले. “बापू सांगायचे तशीच खिडकी आहे रे. नदी दिसते,” म्हणाली, आणि तिने माझा खांदा धरला. मला तेव्हा उठता येत नव्हतं. पाय खरोखरच आखडले होते, आणि दुसरीतली मुलं मला वंचक बगळा आणि गायबगळा यांतला फरक तिसऱ्यांदा विचारत होती.

बापूंनंतर त्या बेटावर शिक्षा झालेला आमच्या घराण्यातला मी दुसरा. फरक एवढाच, की मला ती दोन्ही भाषांत झाली!