अक्काच्या घराशी वाकलेली निळी रेघ

सीना नदीच्या काठावर माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं घर होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, मागं गोठा. भाऊजी गेल्यावर मी तिला शहरात माझ्याकडं राहायला बोलावलं, तर म्हणाली, "तुज्या फ्लॅटात म्हस कुटं बांदू?" विषय तिथंच संपला.

तिच्या रानाच्या बांधाला लागून दुसऱ्या कुणाचं सखल रान होतं. सीना फुगली की पाणी ओढ्यातून उलटं चढायचं आणि त्या रानात पसरायचं. ओसरताना गाळ ठेवून जायचं, त्या गाळावर पुढं हरभरा जोरात यायचा. अक्काच्या जोत्याला मात्र पाणी कधी शिवलं नव्हतं. भाऊजींनी उंचवटा बघूनच घर बांधलं होतं.

शहर सरकत सरकत तिथवर आलं आणि ते रान एका बिल्डरनं घेतलं. एका उन्हाळ्यात मुरुमाचे टिप्पर सुरू झाले. ओढा सिमेंटच्या पाइपात कोंबला, काठावरच्या करंजी आणि बाभळी जेसीबीनं उपटल्या. पावसाळ्याच्या तोंडाला ते रान अक्काच्या जोत्यापेक्षा उंच झालं होतं.

मी शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळं नियम थोडेफार ठाऊक होते. नदीच्या पुराच्या दोन रेषा आखतात, निळी आणि लाल. निळीच्या आत बांधकाम नाही, भराव नाही. निळी आणि लालच्या मधे बांधायचं तर कडक अटी. मी तक्रार दिली. उत्तर आलं की या भागातली पूररेषा अजून आखलेली नाही, आखणीनंतर योग्य ती कार्यवाही होईल.

आखणी झाली. त्यावर हरकती ऐकायला एका सभागृहात सुनावणी ठेवली होती. अक्का इरकल नेसून माझ्याबरोबर आली. तरुण सल्लागार इंजिनीअरनं पडद्यावर नकाशा दाखवला. निळी रेघ काठाकाठानं येत होती, बिल्डरच्या जागेशी आल्यावर नदीकडं सरकत होती, ती जागा ओलांडली की पुन्हा आत वळून अक्काचं घर पोटात घेऊन पुढं जात होती.

मी उठलो. "रेघ इथंच का वाकली?"

"सर, जमिनीच्या सध्याच्या पातळीवरून काढलीय. ती जागा उंच आहे."

"ती उंच केलीय. तिथं भराव टाकलाय."

"आम्ही मोजणी केली तेव्हा ती उंचच होती," तो शांतपणे म्हणाला. त्याच्या आवाजात खोटेपणा नव्हता. भराव आधी आणि मोजणी नंतर, एवढंच घडलं होतं. त्यामुळं सगळं नियमात बसत होतं.

अक्कानं पदर सावरला. "साहेब, पाणी त्या रानात जात हुतं. आता ते कुटं जाईल?"

"मावशी, ते सगळं कॉम्प्युटरनं काढलंय."

"व्हय, पन त्यानं पाणी बगितलंय का?"

लोक हसले, इंजिनीअरही हसला. पुढच्या हरकतदाराला बोलावलं.

नंतरच्या एका पावसाळ्यात वरून धरणाचं पाणी सोडलं. सकाळी अक्काचा फोन आला, "ओढ्याच्या अंगानं पाणी यायलंय, जोत्याला लागलंय की." मी निघालो तर नेहमीचा रस्ता बुडालेला. शेवटी भरावावर उभ्या राहिलेल्या बिल्डरच्या वसाहतीतून गेलो. तिथले रस्ते कोरडे होते, कुणीतरी कुत्र्याला फिरवत होतं. कुंपणाच्या भिंतीपलीकडं, पाण्यात, माझी बहीण पडवीचा खांब धरून उभी होती. तिनं दावं कापून म्हैस सोडली होती, ती पोहत बाहेर निघाली. रेडकू लहान होतं. ते निघालं नाही.

ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्यानं अक्काला बाहेर काढलं. कणगीतला जोंधळा फुगून कणगी उकलली होती. मागची भिंत गेली होती.

पाणी उतरल्यावर एक अधिकारी आले. चांगले वागले, चहाही घेतला. भिंत बांधायची परवानगी मागितली तेव्हा म्हणाले, "आजी, हे घर निषिद्ध क्षेत्रात येतं. नवीन बांधकाम करता येणार नाही. तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे."

"घर आदी का रेग आदी?" अक्कानं विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं.  माझं बोलण्यासारखं जे होतं ते सभागृहात बोलून झालं होतं.

मागची भिंत नसलेल्या घरात ती हिवाळाभर राहिली. मग घरासकट आपलं रान विकलं. बांधकाम होत नाही अशी जमीन दुसरं कोण घेणार? त्याच बिल्डरनं घेतली. वसाहतीला नियमाप्रमाणं नदीकाठी हिरवा पट्टा दाखवायचा होता, तो अक्काच्या रानात दाखवला. पाडलेल्या गोठ्याच्या जागी आता बसायला बाक आहेत, आणि फाटकावर 'पर्यावरणपूरक वसाहत' असा फलक आहे.

माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्यानं तिथं फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला त्यानं आग्रहानं अक्कालाही बोलावलं. तिचं रान कुठलं होतं हे त्याला माहीत नव्हतं. मी जाऊ नको म्हटलं, पण ती आली. गॅलरीत उभं राहून तो कौतुकानं सांगत होता, "एवढी नदी जवळ, पण इकडं पुराचा थेंब येत नाही, आजी."

"न्हाय यायचा," अक्का म्हणाली. "त्यो आमच्याकडं यायचा."

त्याला काही कळलं नाही. त्यानं आम्हाला जेवायला बसवलं. अक्कानं पानातलं सगळं खाल्लं, यजमानीणबाईच्या हाताला चव आहे असं सांगितलं, आणि परत येताना रिक्षात नदीकडच्या बाजूला मला बसवून स्वतः पलीकडं बसली, म्हणजे नदी दिसू नये.

आता ती माझ्याकडं असते. म्हैस जेऊरच्या पाहुण्यांकडं दिली आहे. मधून मधून तिकडं फोन करून विचारते, "नीट खाती का? पाण्याला बुजती का अजून?"