रेस किती द्यायची?

आमच्या मेडशीत कोणी गाडी शिकायला लागलं की गावाला पंधरा दिवस बोलायला विषय मिळतो. मी आणि शेजारचे प्रकाशभाऊ एकाच महिन्यात शिकायला लागलो, त्यामुळे गावाची चंगळच झाली. आता चहाच्या टपरीवर उभा राहिलो की कोणीतरी म्हणतंच, "सर, होऊ द्या एखादा किस्सा." एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा निघतो, आणि माझा चहा गार होतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मला गाडी हौस म्हणून शिकायची होती. प्रकाशभाऊंचं तसं नव्हतं. त्यांची लेक पूजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा लागलेला, आणि तालुक्याचा दवाखाना वीसेक किलोमीटर. वीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या या माणसाने एक जुनी डिझेल गाडी घेऊन अंगणात उभी केली आणि जाहीर केलं, "पोरीले मी सोता नेईन. कोनाच्या गाडीची वाट पाहात बसनार नाही."

गाडी आली होती. ती चालवता येणं तेवढं बाकी होतं.

*

क्लास तालुक्याला. शिकवणारे उस्ताद वयस्क, शांत, गालात कायम सुपारी. पहिल्याच दिवशी भाऊ क्लासच्या पेट्रोल गाडीत बसले आणि स्टेअरिंगच्या आसपास हात फिरवून काहीतरी शोधू लागले.

"काय पाह्यता भाऊ?"

"हाताची रेस कुठी हाय?"

ट्रॅक्टरला स्टेअरिंगजवळ एक दांडी असते. ती ओढून ठेवली की इंजिन एकाच सुरात चालत राहतं, पायाला काम नाही. इथे रेस पायानेच द्यायची आणि पाय त्यावर ठेवूनच बसायचं, हे उस्तादांनी दोनदा सांगितलं. भाऊंनी खाली वाकून पायाकडे पाहिलं.

"मंग चालत्या गाडीतून उतराचं कसं?"

उस्ताद सुपारी चावायचे थांबले. उतरायचं कशाला, हे त्यांना कळेना. वावरात पहिल्या गेरवर ट्रॅक्टर सोडून खाली उतरायचं, दोन दगड उचलून फेकायचे आणि परत चढायचं, हे भाऊंचं रोजचं काम होतं.

*

मला हसायचा काही अधिकार नव्हता. माझी हयात स्कूटीवर गेलेली, रेस म्हणजे उजव्या हाताने मूठ पिरगळायची. गाडीत ती सवय डाव्या हातात कशी शिरली, देव जाणे. चढ आला, गाडी दमली, आणि मी गेरची मूठ धरून पिरगळू लागलो. गाडी काही जोर धरेना, म्हणून आणखी पिरगळली.

उस्तादांनी माझ्या हातावर हात ठेवला. "सर, गेर हाय थो. नळ नाही."

*

माझी खरी अडचण वेगळी होती. उस्ताद म्हणायचे, "क्लच हळू सोडा, रेस जराशी द्या." जराशी म्हणजे किती? मी गणित शिकवतो, मला मोघम चालत नाही. मी विचारलं, पाव दाबायची की अर्धी?

"तुमी भाजीत मीठ किती टाकता?"

"मी नाही टाकत. बायको टाकते."

"मंग उद्यापासून तिले पाठवा."

*

पंधरा दिवसांत आम्हाला क्लासची गाडी कळली. तिला आधी रेस द्यायची, मग क्लच सोडायचा, नाहीतर ती जागेवरच बंद पडते. मोठ्या खुशीत आम्ही भाऊंच्या डिझेल गाडीत बसलो. भाऊंनी रेस देत क्लच सोडायला घेतला. काहीच झालं नाही. त्यांना वाटलं कमी पडली, आणखी दिली. गाडीने क्षणभर दम खाल्ला आणि अशी उडी मारली की अंगणातल्या कोंबड्या छपरावर गेल्या. भाऊंनी घाबरून दोन्ही पाय वर घेतले. गाडी बंद.

असं सलग आठ दिवस चाललं. क्लासमध्ये शिकलेलं घरी चुकायचं आणि घरी जमवलेलं क्लासमध्ये. पूजा ओट्यावर बसून सगळं बघायची आणि पोटाला हात लावून हसायची. भाऊंना मात्र हसू येत नव्हतं. एकदा मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "सर, ट्रॅक्टर मी झोपेत चालवतो. हे मले काहून समजून नाही राह्यलं?" त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं.

*

परीक्षेच्या दिवशी मी कसाबसा पास झालो. भाऊ मैदानात पुढे छान गेले, मग आरटीओचे साहेब म्हणाले, "रिव्हर्स घ्या, डावीकडे." भाऊंनी स्टेअरिंग ऐटीत उजवीकडे फिरवलं आणि गाडी तिकडच्या खांबांत घातली. पुन्हा घ्या म्हटलं, पुन्हा तेच. ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर मागे घेताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि भाऊंचे हात वीस वर्षं तेच करत आले होते.

साहेबांनी नापास लिहिलं. भाऊ खाली उतरले आणि शांतपणे म्हणाले, "सायब, मांगं ट्रॉली लावा. मंग दाखोतो."

पुढची तारीख मिळाली ती पूजाच्या तारखेनंतरची.

*

तारीख कोण पाळतं? दहा दिवस आधीच, सकाळी मी शाळेला निघालो असताना भाऊंनी हाक मारली. पूजाला कळा सुरू झाल्या होत्या. शिकाऊ माणसाशेजारी लायसनवाला हवा, म्हणून मी पुढे बसलो, मागे पूजा आणि तिची आई, आमच्या वहिनी. मी चालवतो म्हटलं, तर भाऊ चावी सोडेनात.

चावी फिरवली, रेस दिली, उडी, बंद. पुन्हा उडी, पुन्हा बंद. मागून पूजा दात आवळून म्हणाली, "बाबा, थे क्लासचं सोडा. रेस देऊच नका. वावरात चालवता तशी चालवा."

भाऊंनी उजवा पाय बाजूला घेतला आणि क्लच हळूहळू सोडला. डिझेलचं इंजिन, रेस न देताच गाडी निघाली. दुसरा गेर, तिसरा गेर. वीस किलोमीटर मी डॅशबोर्ड धरून बसलो होतो. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, पूजाला आत नेलं, आम्ही बाकावर बसलो.

दुपारी सिस्टर बाहेर आल्या. "मुलगी झाली. दोघी छान आहेत." भाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावला आणि लहान मुलासारखे रडले. मलाही राहवलं नाही.

सिस्टर जाता जाता थांबल्या. "आणि दारातली ती पांढरी गाडी कोणाची आहे? सकाळपासून चालूच आहे. बंद करा ना."

"नाही जी," भाऊ डोळे पुसत म्हणाले. "बंद केली आन् मंग हाललीच नाही तं? लेकीले घरी न्याचं हाय."

"अहो काका, तिला आम्ही तीन दिवस सोडणार नाही."

भाऊंनी बोटांवर तीन दिवस मोजले.

"चालते. टाकी फुल हाय."