घरी मोजलेला हात

बायकोला जाऊन आता दुसरं वर्ष चालू आहे. इकडे उत्तरेत, महानगर नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरात सकाळी बोलायला कुणी नसतं, म्हणून मी जुन्या सकाळी आठवत बसतो.

माझी बायको क्षयरोगाच्या एका सर्वेक्षणात काम करायची. शाळांमध्ये जाऊन मुलामुलींच्या हातात, कातडीच्या आत, औषधाचा थेंब टोचायचा आणि तिसऱ्या दिवशी तिथे आलेली गाठ मोजायची. जंतू शरीरात शिरून गप्प बसलेले असले तर तिथली कातडी कडक होते. या वयात दर वर्षी किती जणांना नव्याने लागण होते हे कळल्याशिवाय नव्या लशीच्या चाचणीत किती मुलं घ्यायची ते ठरवता येत नाही, हे तिने मला मटार सोलता सोलता समजावलं होतं. मी बँकेतला, पुस्तकात डोकं घालून बसणारा माणूस. मला तिचं मोजणं बघायला आवडे. बॉलपेन कातडीवर टेकवून ती ते गाठीकडे हळू सरकवायची. पेन अडलं की थांबायची. मग दुसऱ्या बाजूने तसंच. दोन रेघांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. नुसती लाली मोजायची नाही, लाली फसवते, असं ती म्हणे.

आमची मुलगी तेव्हा नववीत होती. तिच्या शाळेची पाळी आली, तेव्हा तिचा हात गटातल्या एका वयस्कर बाईंनी बघायचा असं ठरलं. सगळे त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणत. आईने आपल्या मुलीचा हात मोजायचा नाही आणि दुसऱ्याने काय मोजलं हे बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असे तिथले नियम होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी वेणीसाठी आईपुढे बसली. बायकोने वेणी अर्धी सोडली, तिचा हात मांडीवर ओढला आणि पेन काढलं.

"मम्मी, ये तो चीटिंग है."

"नुसतं बघते. गप्प बस."

"पापा, देखो इनको."

मी दुधाकडे लक्ष असल्यासारखं केलं.

"आठ," बायको म्हणाली. दहा मिलिमीटरच्या आत, म्हणजे काळजी नाही. तिने स्पिरिटच्या बोळ्याने रेघा पुसल्या आणि वेणी पुरी केली. कामाला जाताना बायको गुणगुणत होती.

संध्याकाळी आपा बायकोबरोबर घरी आल्या. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी बायकोला विचारलं.

"बिटिया, घर पे नाप लिया था न? स्याही पूरी छूटी नहीं थी."

"हाँ, आपा."

"कितना?"

"आठ."

"हमने तेरह पढ़ा है. माँ हो न, पेन दबा के चलाया होगा."

बायकोने आपला कप बाजूला सरकवला. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "पेन अडलं होतं हो. मीच पुढे ढकललं."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः जाऊन सर्वेक्षणाच्या डॉक्टरांना सांगितलं. पुसट रेघा दिसल्यावर मोजलेला आकडा म्हणून मुलीचं माप गणतीतून वगळलं गेलं. तिचा एक्स-रे स्वच्छ निघाला. पण जंतू आत शिरलेले होते; पुढे कधी आजार उठू नये म्हणून बारा आठवडे, आठवड्यातून एकदा, रविवारी, गोळ्या घ्यायच्या ठरल्या.

"मतलब मैं गिनती में हूँ ही नहीं?" मुलीला याचाच जास्त राग आला होता.

"तुझी गिनती मी बिघडवली. पोहे खा, मग गोळ्या."

ते रविवार मला फार आठवतात. खिडकीतून ऊन यायचं, खाली भाजीवाला भैया ओरडत असायचा, मुलगी तोंड वाकडं करून एकेक गोळी गिळायची. बायको तिला जीभ वर करायला लावायची, वाकून नीट बघायची. तेवढ्याने तिचं समाधान होत नसे.

"अहो, इकडे या. तुम्ही बघा. गेल्या का सगळ्या?"

मी पुस्तक खाली ठेवून, चष्मा लावून बघायचो आणि म्हणायचो, "गेल्या." मग ती खुर्चीत मागे टेकायची आणि स्वतःसाठी चहा ओतायची.